थँक्सगिव्हिंगचे पाय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीचा फराळ संपत आला आणि चिवड्याच्या डब्यात तळाशी नुसते शेंगदाणे उरले की मला फोन यायला लागतात. कुणाला तरी ऑफिसातल्या सहकाऱ्याने थँक्सगिव्हिंगला, म्हणजे नोव्हेंबरातल्या गुरुवारी येणाऱ्या इथल्या अमेरिकन सणाला, घरी जेवायला बोलावलेलं असतं, आणि "येताना काय आणू?" असं विचारल्यावर "एखादा पाय आण ना" असं उत्तर मिळालेलं असतं. मी न्यू जर्सीत बावीस वर्षं आहे. बेकरीवाली नाही, पण दर वर्षी चार-पाच पाय घरी भाजते आणि आतापर्यंत करण्यासारख्या बहुतेक चुका करून झाल्या आहेत. तेच तेच फोनवर सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवते.

पाय म्हणजे नक्की काय? केकचाच प्रकार का?

नाही, तो केकपेक्षा करंजीच्या जवळचा. मैद्याची पारी आणि आत सारण. करंजी मिटून तळतात, पाय उथळ गोल भांड्यात पसरून ओव्हनमध्ये भाजतात, एवढाच फरक. भोपळा, रताळं, पिकान (अक्रोडासारखा सुकामेवा) यांचे पाय वरून उघडे असतात. सफरचंद किंवा चेरीच्या पायवर वरूनही पारी असते, कधी जाळीची, कधी अख्खी. भांडं साधारण ९ इंची, म्हणजे २३ सेंटिमीटरचं. त्यात आठ तुकडे निघतात.

नावाचं मात्र मराठी घरात काही खरं नाही. पहिल्या वर्षी मी आईला फोनवर कौतुकाने सांगितलं, "आज पाय केला." पलीकडे क्षणभर शांतता. मग, "अगं, काय केलं पायाला? प्लॅस्टर घातलंय का?"

थँक्सगिव्हिंगच्या जेवणात कोणते पाय असायलाच हवेत?

भोपळा, सफरचंद आणि पिकान. या तिघांपैकी दोन तरी बहुतेक टेबलांवर दिसतात. दक्षिणेकडच्या राज्यांत, आणि कृष्णवर्णीय कुटुंबांत तर सगळीकडेच, भोपळ्याच्या जागी रताळं असतं. चेरी, चॉकलेट क्रीम, क्रॅनबेरी हे ज्याच्या-त्याच्या हौसेचे. पूर्वी मिन्समीटचा पायही मानाचा होता. त्यात खरोखरचा खिमा, गुराची चरबी, मनुका आणि मसाले असं सगळं एकत्र असायचं. आता तो क्वचितच दिसतो, आणि दिसलाच तर शाकाहारी माणसाने विचारल्याशिवाय हात लावू नये, कारण मांस गेलं तरी चरबी कधी कधी राहिलेली असते.

माझं मत विचाराल तर करायला सफरचंदाचा, खायला भोपळ्याचा आणि पिकानचा एक बोटभर तुकडा.

कॅनडातही हेच पाय असतात का?

भोपळा आणि सफरचंद हो. पण तिथला सण ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी येतो, अमेरिकेतला नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी. टोरांटोच्या मावशीला नोव्हेंबरमध्ये "हॅपी थँक्सगिव्हिंग" पाठवू नका, तिचं कधीच होऊन गेलेलं असतं.

पहिल्या थँक्सगिव्हिंगला भोपळ्याचा पाय होता, हे खरं का?

खरं नाही. १६२१ साली मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथला वसाहतीतले इंग्रज आणि तिथले मूळनिवासी वाम्पानोआग लोक यांचं सुगीनंतरचं जे जेवण झालं, तिथे पाय होण्यासारखं काहीच नव्हतं. गव्हाचं पीठ नाही, लोणी नाही, भाजायला धड भट्टी नाही. भोपळा होता, वाम्पानोआग तो पिढ्यान्‌पिढ्या पिकवत आले होते. (त्यांच्या जमिनीचं पुढे काय झालं ते आठवून १९७०पासून मूळनिवासी लोक याच दिवशी प्लिमथला शोकदिन पाळतात. मुलं शाळेतून त्या जेवणातल्या लोकांसारख्या कागदी टोप्या करून आणतात, तेव्हा ही गोष्ट घरी आपणच सांगावी लागते.)

आज आपण ओळखतो तसा पारीत भाजलेला भोपळा छापील कृतीत सापडतो तो १७९६ साली, अमेलिया सिमन्स यांच्या पाककृतींच्या पुस्तकात. त्यांनी त्याला पुडिंग म्हटलंय, पण वाचलं की कळतं, हा आपलाच पाय. पुढे सारा जोसेफा हेल या संपादिकेने थँक्सगिव्हिंग सगळ्या देशाने एकाच दिवशी साजरं करावं म्हणून वर्षानुवर्षं अग्रलेख लिहिले, एकामागून एक राष्ट्राध्यक्षांना पत्रं पाठवली. १८२७ सालच्या आपल्या कादंबरीत त्यांनी थँक्सगिव्हिंगच्या टेबलाचं जे वर्णन केलंय त्यातही भोपळ्याचा पाय आहे. शेवटी १८६३ साली, यादवी युद्धाच्या ऐन धुमाळीत, लिंकन यांनी ते मनावर घेतलं. "चौथा गुरुवार" हा कायदा मात्र १९४१चा.

भोपळ्याचा पाय खाल्ला, पण मला अजिबात आवडला नाही. माझं काही चुकतंय का?

काही चुकत नाही. आपल्या जिभेला गोडात वेलची आणि जायफळाची सवय असते. दालचिनी आणि लवंग आपण मसालेभातात घालतो, गोड्या मसाल्यात घालतो. त्यामुळे पहिला घास घेतल्यावर डोकं म्हणतं, "हे भाजीचं सारण गोड कुणी केलं?" माझ्या सासूबाईंनी पहिल्यांदा चाखला तेव्हा अगदी सभ्यपणे विचारलं होतं, "यात मीठ-तिखट वरून घ्यायचं असतं का?"

आणि तरी, भोपळघारगे आवडणाऱ्या माणसाला हा पाय न आवडण्याचं खरं म्हणजे कारण नाही. भोपळा तोच, गोडवा तोच. दोन गोष्टी करून बघा. एक, फ्रीजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवून खा. अगदी गार असला तर फक्त लवंग लागते. दुसरी, सोबत बिनसाखरेचं फेटलेलं क्रीम भरपूर घ्या. दोन-तीन नोव्हेंबर जाऊ द्या. सासूबाई आता दुसरा तुकडा मागून घेतात, फक्त त्याला अजून "ती भोपळ्याची वडी" म्हणतात.

भोपळा टिनचा घ्यावा की ताजा?

टिनचा. हे सांगायला मी लाजत नाही, कारण इथल्या आज्याही टिनचाच घेतात. अमेरिकेतला बहुतेक डबाबंद भोपळा इलिनॉय राज्यातल्या मॉर्टन या गावाच्या आसपास पिकतो. तो हॅलोविनला कोरतात तसा नारिंगी नसतो. लांबट, फिक्या तपकिरी सालीचा असतो, जातीचं नाव डिकिन्सन. गंमत अशी की वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात हा आपल्या मंडईतल्या लाल भोपळ्याच्या प्रजातीतला आहे, कोरायच्या भोपळ्याच्या नाही. म्हणून कोरून दारात ठेवलेला भोपळा दुसऱ्या दिवशी शिजवून पाय करण्याचा काटकसरी विचार मनात आला तर झटकून टाका. तो पाणचट आणि दोरेदार निघतो.

पुण्या-नाशिकला बसून हे वाचत असाल तर तुम्हाला टिनची गरजच नाही. लाल भोपळ्याच्या फोडी ओव्हनमध्ये भाजा किंवा कुकरमध्ये पाणी न घालता वाफवा, मिक्सरमधून काढा आणि मग चक्का करतो तसं पंच्यात बांधून दोन-तीन तास टांगा. जे पाणी गळेल ते बघून तुम्हालाच पटेल की हे पायमध्ये गेलं असतं तर काय झालं असतं. एका पायला ४२५ ग्रॅम घट्ट गर लागतो, म्हणजे एक टिन.

टिन घेताना त्यावरची अक्षरं वाचा, ही कळकळीची विनंती. एकावर नुसता भोपळा असतो, दुसऱ्यावर "पाय मिक्स" लिहिलेलं असतं. त्यात साखर आणि मसाले आधीच घातलेले असतात. दोन्ही टिन एकाच फळीवर, दोन्हींवर पायचंच चित्र. तिसऱ्या वर्षी मी मिक्सचा टिन आणला आणि त्यात पुन्हा पाऊण कप साखर घातली. ज्यांच्याकडे जेवायला गेलो त्या यजमानांच्या आठ वर्षांच्या मुलाने तो अख्खा तुकडा संपवला, बाकी कुणी नाही.

सारणाचं नेहमीचं प्रमाण काय?

एक टिन भोपळा, दोन अंडी, पाऊण कप साखर (अर्धी ब्राउन घेतली तर छान), ३५४ मिलिलिटरचा इव्हॅपोरेटेड मिल्कचा (बिनसाखरेच्या आटवलेल्या दुधाचा) एक टिन, अर्धा चमचा मीठ आणि मसाला. कंडेन्स्ड मिल्क वेगळं, ते गोड असतं. दोघांत गल्लत करू नका. वेळ असेल तर भोपळा आधी पातेल्यात पाच मिनिटं परतून घ्या. टिनचा जो किंचित धातूसारखा वास असतो तो जातो आणि रंग खुलतो.

पंपकिन पाय स्पाइसची बाटली विकत घ्यायची का?

मिसळणाच्या डब्याशेजारी मसाल्याचा डबा असलेल्या घरात ती बाटली आणणं म्हणजे गंगेकाठी राहून पाण्याची बाटली विकत घेणं. मॅकॉर्मिक कंपनीने १९३४ साली हा तयार मसाला बाजारात आणला. आत दालचिनी, आलं, जायफळ, आणि कंपनीनुसार लवंग किंवा ऑलस्पाइस (मिरीसारखा दिसणारा एक मसाला). एका पायला दीड चमचा दालचिनी पूड, पाऊण चमचा सुंठ, पाव चमचा किसलेलं जायफळ आणि दोन चिमटी लवंग पूड घ्या. लवंगेला जपा, ती सगळ्यांना गप्प बसवते.

मसाला कुटा किंवा छोट्या भांड्यात फिरवा, पण ज्या भांड्यात तुम्ही गोडा मसाला करता त्यात नाही. मी केलं होतं. भांडं दोनदा घासलेलं होतं. तरीही पाय ओव्हनमध्ये गेल्यावर वीस मिनिटांनी घरभर दगडफुलाचा वास सुटला.

माझी पारी कडक का होते? आणि भाजताना आत का ओढली जाते?

कारण तुम्ही ती करंजीसारखी करता. आपल्याकडे मोहन कडकडीत घालतात, इथे नेमकं उलटं. १६० ग्रॅम मैदा, अर्धा चमचा मीठ, आणि ११३ ग्रॅम बटर (इथली एक कांडी) फ्रीजमधून थेट. बटरचे तुकडे बोटांच्या टोकांनी मैद्यात चुरायचे, पण पूर्ण एकजीव करायचे नाहीत. हरभऱ्याएवढे तुकडे दिसायला हवेत. ओव्हनच्या उष्णतेने ते विरघळतात, त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती वाफ पारीचे पदर सुटे करते. करंजीला आपण साटा लावून पदर पाडतो, इथे ते काम बटरच्या गुठळ्या करतात. बटर हातात विरघळलं की पदर गेले, मग बिस्किट होतं.

पाणी बर्फाचं, तीन-चार मोठे चमचे. आणि मळायचं नाही! हे मराठी बाईला सगळ्यात जड जातं. गोळा जेमतेम धरला की थांबायचं, थोडा भेगाळलेला दिसला तरी चालतो. मळलंत की मैद्याला चिवटपणा येतो, पारी कडक होते आणि आक्रसते. गोळा चपटा करून तासभर फ्रीजमध्ये ठेवा, मग लाटा. भांड्यात घालताना कडांवर ताणून बसवू नका, सैल सोडा. जे ताणाल ते ओव्हनमध्ये परत जागेवर जाईल.

उघड्या पायची पारी आधी कोरी भाजून घेतली तर तळ कच्चा राहत नाही. पारीवर कागद घाला, त्यात राजमा किंवा छोले भरा म्हणजे ती फुगत नाही, ४०० अंश फॅरनहाइटवर (सुमारे २०० सेल्सिअस) पंधरा-वीस मिनिटं भाजा, मग कडधान्य काढून अजून पाच-सात मिनिटं. हा राजमा नंतर शिजत नाही, बरणीत भरून "पायचा राजमा" म्हणून वेगळा ठेवा. कागद मात्र पार्चमेंट, म्हणजे आपला बटर पेपर. इथे शेजारीच मेणकागदाची गुंडाळी विकायला असते. तो ओव्हनमध्ये धूर करतो.

वर भेग पडते, खाली पाणी सुटतं. पाय झाला हे कळायचं कसं?

भेग आणि पाणी हे दोन्ही जास्त भाजल्याचे परिणाम. सारण घट्ट होतं ते अंड्यामुळे. उष्णता जास्त झाली की अंडं आवळतं आणि पाणी सोडतं. ४२५ फॅरनहाइटवर (२२० सेल्सिअस) पंधरा मिनिटं, मग ३५० वर (१७५ सेल्सिअस) चाळीस ते पन्नास मिनिटं. पारी आधी भाजून घेतली असेल तर पहिला कडक टप्पा गाळा आणि ३५० वरच पूर्ण भाजा. पस्तीस मिनिटांनंतर लक्ष ठेवा. भांडं हळूच हलवा: कडा स्थिर आणि मधला वाटीएवढा भाग खरवसासारखा थरथरला की काढा. तो बाहेर आल्यावर स्वतःच्या उष्णतेने जमतो. निदान दोन तास गार होऊ द्या. गरम कापाल तर तुकडा उचलता येणार नाही, वाढावा लागेल.

आणि भेग पडलीच तर क्रीम कशाला असतं?

आमच्याकडे अंडं चालत नाही. भोपळ्याचा पाय होतो का?

उत्तम होतो. पद्धत फिरनीची. एक टिन भोपळा, एक टिन कंडेन्स्ड मिल्क (३९७ ग्रॅम), पाव कप दूध आणि त्यात कालवलेले तीन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर, मसाला, चिमूटभर मीठ. साखर वेगळी नाही. हे जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर घोटत राहा. बुडबुडे येऊन पुरणासारखं जड झालं, उलथणं ओढल्यावर तळ दिसला की पूर्ण भाजलेल्या पारीत ओता, ३५० वर वीस मिनिटं ठेवा आणि रात्रभर फ्रीजमध्ये. वर थोडं मॅट दिसेल, चकाकी कमी, पण कापताना अंड्याच्या पायपेक्षा सुबक कापला जातो. मी मंडळाच्या जेवणाला हाच नेते आणि आजवर कुणी ओळखलेलं नाही.

विकतचा पाय शाकाहारी असतो का?

गृहीत धरू नका. तयार पारीत कधी कधी लार्ड, म्हणजे डुकराची चरबी असते. क्रीमच्या गार पायमध्ये जिलेटिन असू शकतं, ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून करतात. बेक केलेल्या भोपळ्याच्या पायमध्ये अंडं जवळजवळ नक्कीच. खोक्याच्या मागची यादी वाचा. दुसऱ्याच्या घरी असाल तर घरी केलेल्या पायबद्दल सरळ विचारा, "पारीत काय घातलंय?" करणाऱ्याला राग येत नाही, उलट कृती सांगायला संधी मिळते.

थँक्सगिव्हिंग नेमकं गुरुवारी येतं आणि माझा गुरुवार असतो. काय करू?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो, आणि तो हसण्यावारी नेऊ नये. कधी कधी तर मार्गशीर्षातला गुरुवारही त्याच दिवशी येतो. २०२५ साली २७ नोव्हेंबरला थँक्सगिव्हिंग होतं आणि मार्गशीर्षातला पहिला गुरुवारही. सकाळी घट मांडायचा, दुपारी तीन वाजता यजमानांकडे जेवायला बसायचं (हे लोक हे जेवण दुपारीच सुरू करतात) आणि आपला उपास सुटणार संध्याकाळच्या नैवेद्यानंतर. माझ्या ओळखीतल्या एका काकूंनी यजमानांना आधीच सांगून ठेवलं, "मी सूर्यास्तानंतर जेवते, माझं ताट झाकून ठेवा." त्यांनी ठेवलं. वर नाव लिहून.

पण उपासाला चालेल असा पायही होतो. रताळं तर आपलं उपासाचंच. पारीसाठी एक वाटी राजगिऱ्याचं पीठ, अर्धी वाटी दाण्याचं कूट, दोन चमचे गूळ आणि धरण्यापुरतं साजूक तूप. हे लाटायचं नाही, भांड्यात बोटांनी थापायचं आणि ३५० वर बारा मिनिटं भाजायचं. सारणाला उकडून कुस्करलेली रताळी, गूळ, नारळाचं दूध आणि शिंगाड्याचं पीठ पातेल्यात घोटून घ्या, सुंठ आणि वेलची घाला. दालचिनी उपासाला चालते की नाही ते तुमच्या घरच्या रिवाजाप्रमाणे. हा पाय मूळ पायसारखा लागत नाही, रताळ्याच्या हलव्याचा थोरला भाऊ लागतो, आणि मला स्वतःला तो फार आवडतो.

रताळ्याचा आणि भोपळ्याचा पाय यात फरक काय? दिसायला सारखेच तर असतात.

रताळ्याचा जरा घट्ट, गोडवा जास्त, मसाला कमी. त्यात लोणी आणि व्हॅनिला असतं, लवंगेचा तोरा नसतो. इतिहासही वेगळा. दक्षिणेकडच्या जमिनीत रताळं उत्तम येतं, आणि गुलामगिरीत आणल्या गेलेल्या आफ्रिकी स्त्रियांच्या हातांनी ही पाककृती घडली. २०१५च्या नोव्हेंबरात गायिका पॅटी लबेल यांच्या नावाचा रताळ्याचा पाय एका चाहत्याच्या व्हिडिओमुळे इतका खपला की दुकानांची शेल्फं रिकामी झाली.

इथल्या दुकानात नारिंगी गराच्या रताळ्यावर सर्रास "याम" अशी पाटी असते. ते रताळंच. उपासाला आपण खातो तसं लाल सालीचं, आत पांढरट, कोरडं रताळं हवं असेल तर "जपानी" म्हणून विकतात ते घ्या. पायला मात्र नारिंगीच बरं, त्यात ओलावा असतो.

भोपळा आणि रताळं दोन्ही मुळात अमेरिका खंडातले, युरोपच्या जहाजांबरोबर आपल्याकडे पोहोचले. तेव्हा "आपल्या रताळ्याचं यांनी काय केलं" असं म्हणताना मी हल्ली जरा आवाज खाली ठेवते.

सफरचंदाच्या पायला कोणती सफरचंदं?

दोन जाती मिसळा. आंबटपणाला ग्रॅनी स्मिथ, गोडीला हनीक्रिस्प. मॅकिंटॉश एकटं घेऊ नका, त्याचा लगदा होतो. रस घट्ट करायला इथल्या जुन्या कृतींत टॅपिओका असतो. तो म्हणजे आपला साबुदाणा! दोन मोठे चमचे साबुदाणा मिक्सरमधून बारीक करून फोडींना चोळा, रस पारदर्शक आणि घट्ट येतो. अख्खे दाणे घालू नका, खिचडी होईल.

व्हर्माँट राज्याने १९९९ साली सफरचंदाचा पाय हा राज्याचा पाय ठरवला आणि कायद्यातच लिहिलं की तो वाढताना सोबत थंड दूध, चेडर चीजचा तुकडा किंवा व्हॅनिला आइस्क्रीम यांपैकी काहीतरी देण्याचा प्रामाणिक प्रयत्न करावा. चीज ऐकून नाक मुरडू नका. आंबट-गोड फोड आणि खारट चीज, एकदा खाऊन बघा.

पिकान पाय एवढा गोड का? कमी गोड करता येतो का?

कारण तो जवळजवळ न कडकलेली चिक्की आहे. साखर, सिरप, अंडी, बटर, वर पिकान. हे अक्रोडाच्या नात्यातलं झाड अमेरिकेचंच. नावही इथल्या मूळ भाषांतून आलेलं, अर्थ साधारण "दगडाने फोडायचं फळ". पातळ सालीच्या बागाईती पिकानला खरी सुरुवात करून दिली ती लुइझियानातल्या ओक ॲली मळ्यावरच्या अँटवान नावाच्या गुलाम माळ्याने. त्याने १८४०च्या दशकात कलमं यशस्वी केली. त्या कलमांच्या पिकानला १८७६च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात बक्षीस मिळालं, आणि त्याचं आडनावसुद्धा कुणी नोंदवून ठेवलेलं नाही. कॉर्न सिरपची, म्हणजे मक्यापासून केलेल्या पाकाची, बाटली १९०२ साली बाजारात आली, त्यानंतर हा पाय घरोघर पोहोचला.

गोडवा कमी करायचा तर सिरप निम्मं करून उरलेल्या निम्म्याच्या जागी काकवी घाला. इंडियन ग्रोसरीत मिळते, किंवा कोल्हापूरहून कुणी येणार असेल तर मागवा. दक्षिणेत जुन्या काळी उसाचं सिरप वापरतच, त्यामुळे हे काही भलतंच नाही. सगळीच काकवी घातली तर मात्र चव काळवंडते. पिकान आधी भाजून घ्या, मीठ जरा सढळ हाताने. भारतात पिकान महाग पडतो, अक्रोड चालतो. आणि यजमानांकडे कुणाला सुक्यामेव्याची ॲलर्जी आहे का, हे विचारल्याशिवाय हा पाय नेऊ नका.

आंब्याचा पाय हा खरा थँक्सगिव्हिंगचा पाय आहे का?

इथल्या भारतीय घरांत आता तो झालाच आहे. केशर आंब्याच्या पल्पचा ८५० ग्रॅमचा टिन, क्रीम चीज, फेटलेलं क्रीम, जिलेटिन, आणि खाली बिस्किटांच्या चुऱ्याची तयार पारी. ओव्हन लागतच नाही. एका टिनमध्ये दोन पाय होतात. जिलेटिनऐवजी अगर, म्हणजे आपलं चायना ग्रास, घातलं की शाकाहारी. पण अगर नुसतं गरम करून भागत नाही, उकळून पूर्ण विरघळवावं लागतं, आणि ते खोलीच्या तापमानालाच जमायला लागतं. पल्प फ्रीजमधला गार असेल तर आत दोरे-दोरे होतात. पल्प कोमट करून घ्या.

भोपळ्याच्या पायमध्ये वेलची-केशर घालू का?

घाला, पण तीन वर्षांनी. हा माझा एकच हट्ट आहे. ज्यांच्याकडे जेवायला जाताय त्यांच्या आजीचा पाय आधी आहे तसा खा, तसाच एकदा करून बघा. मूळ चव जिभेवर बसल्याशिवाय फेरफार केला की भोपळ्याचं श्रीखंड होतं. आपल्या पुरणपोळीत कुणी पहिल्याच वर्षी चॉकलेट चिप्स घातले तर आपण काय म्हणू?

किती पाय लागतात? कधी करायचे, आणि कसे न्यायचे?

पाच-सहा माणसांमागे एक. कितीही जेवले तरी "दोन्हीचा छोटा-छोटा दे" म्हणतातच. पारी आठवडाभर आधी करून फ्रीजरमध्ये, पाय बुधवारी रात्री. गुरुवारी सकाळी यजमानांच्या ओव्हनमध्ये टर्की असते, तिथे जागा मिळेल या भरवशावर जाऊ नका. काचेचं भांडं फ्रीजमधून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये घालू नका, तडकतं.

गाडीत मांडीवर किंवा सीटवर नको, सीट उतरती असते. पुढच्या सीटखालची जागा सगळ्यात सपाट. थोडक्यात, पाय पायाशी.

विकतचा नेला तर वाईट दिसतं का?

नाही. कॉस्टको या मोठ्या दुकानातला १२ इंची भोपळ्याचा पाय घेऊन येणारे अमेरिकन मी दर वर्षी पाहते. घरचा जळका नेण्यापेक्षा विकतचा बरा. सोबत ताजं फेटलेलं क्रीम न्या. फक्त "मीच केला" म्हणू नका, खोकं सगळे ओळखतात.

उरलेला पाय किती टिकतो?

भोपळा, रताळं, पिकान यांत अंडी-दूध असतं, त्यामुळे दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, आणि तीन-चार दिवसांत संपवा. सफरचंदाचा एक-दोन दिवस बाहेर राहतो. शुक्रवारी सकाळी चहाबरोबर गार पाय खाणं इथे रीतीला धरून आहे.

माझं पायचं भांडं यजमानांकडेच राहिलं. मागायचं का?

मागा. स्टीलच्या पातेल्यावर नाव घालून आणलेल्या बायका आपण, पण काचेवर नाव घालता येत नाही, म्हणून मी तळाला मास्किंग टेप चिकटवून त्यावर मार्करने आडनाव लिहिते. समोरच्या घरातल्या बाईंनी एकदा माझं भांडं डिसेंबरात परत आणून दिलं. टेप तशीच होती आणि आत त्यांनी केलेली क्रॅनबेरीची चटणी होती. मी तिला मोहरी-हिंगाची फोडणी दिली आणि अर्धी त्यांना परत पाठवली. भांडं सध्या पुन्हा त्यांच्याकडेच आहे.